हात हलला तरच पाऊल

लॅबमध्ये रोज अडीचशे-तीनशे नमुने येत. रक्ताचे, लघवीचे, थुंकीचे. त्यांतला सगळ्यात जुना नमुना मात्र काचेच्या केबिनमध्ये बसे आणि त्याला तोंडावर सगळे 'सर' म्हणत. पाठीमागे कोण काय म्हणे, ते सांगायलाच नको.

तर हॉस्पिटलने एक दौड काढली. अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या वॉर्डासाठी नव्या काचेच्या पेट्या घ्यायच्या, त्यासाठी दहा किलोमीटर. प्रत्येक खात्यातून एकच जण धावणार. सहा आठवडे सगळ्यांनी मनगटावर घड्याळ बांधायचं; ज्याची पावलं जास्त, तो खात्याचा धावपटू. आणि धावणाऱ्याने पाठीवर त्या वॉर्डात कधी ना कधी राहिलेल्या एका बाळाचं नाव लावायचं. बाकी सगळा तमाशाच होता, पण या शेवटच्या कलमाने सुईमावशीला पकडलं.

सुईमावशी म्हणजे लॅबची टेक्निशियन. रक्त काढायला जाई म्हणून मोठ्या मुलांच्या वॉर्डातल्या पोरांनी ठेवलेलं नाव. दीड वर्षापूर्वी तिची स्वतःची लेक त्या पेटीत बावन्न दिवस होती. नऊशे ग्रॅम. पेटीच्या गोल भोकातून हात घालून बोट धरू द्यायचं, एवढंच तेव्हा तिच्या हातात होतं. आता लेक गुबगुबीत झाली होती, बडबड तर विचारू नका, पण पाऊल काही टाकत नव्हती. डॉक्टर म्हणत, टाकेल, थांबा. बाकी जगाला थांबायला कुठे वेळ होता? "आमचा तर नवव्या महिन्यातच पळायला लागला," असं शेजारीण आठवड्यातून दोनदा सांगायची, जणू त्या ठोंब्याला पुढे कुठे गाठायचं होतं.

त्या वॉर्डाच्या खिडकीखालून लेकीचं नाव एकदा पळवत न्यायचं, एवढीच तिची इच्छा होती. तिला ती कुणाला समजावून सांगायची नव्हती.

नवरा म्हणाला, "तू जा बिनधास्त. मी बघतो पोरीकडे." सोफ्यावर आडवा पडून म्हणाला. पहिल्या दिवशी ती कोपऱ्यावर पोचते न पोचते तोच फोन आला, "अगं, ही रडतेय. काय करू?" बाप माणूस, पोर रडली की बायकोला फोन करतो! दुसऱ्या दिवसापासून लेक बाबागाडीत बसून बरोबर येऊ लागली.

प्रश्न होता वेळेचा. पाचला सुटून पाळणाघर गाठायचं, म्हणजे धावायला अंधार. साडेचारला सोडा, म्हणून ती केबिनमध्ये गेली, तेव्हा सरांनी खण उघडून आपलं घड्याळ काढलं.

"सोडतो की. फक्त हे पण हातात घालत जा. यादीत साहेबच तळाला दिसला तर बरं दिसत नाही. तुला काय, धावतेसच आहेस!"

एवढ्या मोठ्या माणसाला एवढीशी लाज वाटू नये, याचं तिला नवल वाटलं नाही. सहा वर्षं ती त्याला ओळखत होती. तिने हिशेब केला: दोन्ही घड्याळं सारखीच दाखवणार, शिवाय आपलं दिवसभर हातात असणार, म्हणजे पुढे आपणच. तिने अर्धा तास घेतला.

सहा आठवडे ती धावली. डाव्या हाताने बाबागाडी ढकलत, उजवा हात मोकळा. डाव्या मनगटावर आपलं घड्याळ, उजव्यावर सरांचं. मागून हॉर्न, पुढून कुत्री, गाडीतून "आई, अजून!" अशी फर्मानं. घरी येऊन स्वयंपाक, आंघोळी, धुणं. पावलं किती झाली ते बघायला सवड नव्हती, आणि गरजही वाटली नाही. पाय दुखत होते, तेवढा पुरावा तिला पुरे होता.

शुक्रवारी यादी लागली. पहिले सर. ती अकरावी. लॅबमध्ये माणसं होती बारा, आणि बारावीचा पाय प्लास्टरमध्ये होता.

कुणी शंका काढली नाही. उलट टाळ्या वाजल्या. सरांनी मान लववून त्या घेतल्या आणि "नियमितपणा!" असं म्हणाले. सुईमावशीचं डोकं सणकलं, पण ती लॅबची बाई होती. तिने दोन्ही घड्याळं बांधली, नमुन्यांची ट्रॉली घेतली आणि रोजच्यासारखी डाव्या हाताने ढकलत मोजून शंभर पावलं चालली. उजवं घड्याळ म्हणालं अठ्ठ्याण्णव. डावं म्हणालं चार. हात हलला तर पाऊल. गाडी ढकलणारा हात हलत नाही, म्हणून पाऊलच नाही. बाबागाडी ढकलत एखादी बाई पृथ्वीला वळसा घालून आली असती, तरी त्या शहाण्या यंत्राच्या लेखी ती बसूनच होती.

केबिनमध्ये जाऊन तिने सरांचं घड्याळ टेबलावर ठेवलं आणि म्हणाली, "सर, खरं सांगून टाका."

"आता यादी वर गेली गं. आणि सांगायचं काय? तूच माझं घड्याळ घालून फिरत होतीस म्हणून?" मग आवाज मऊ झाला. "हे बघ, धाव तूच. माझा नंबर लाव, टोपी ओढून घे. कोण बघतंय! पाठीवरचं नाव मात्र मी देऊन बसलोय. मुख्य साहेबांच्या नातवाचं."

मुख्य साहेबांचा नातू चार किलोचा जन्मला होता. पेटीत घालायचा म्हटला असता तर झाकण लागलं नसतं.

"पावलं तुमची आहेत, सर," ती म्हणाली. "तुम्हीच टाका."

रविवारी सकाळी सर पहिल्या रांगेत उभे होते, नव्या बुटांत, पोट आत ओढून. मुख्य साहेब शेजारी फोटोला. सुईमावशी दोरीच्या बाहेर, बाबागाडी घेऊन. वॉर्डाच्या सिस्टरने चिकटपट्टीवर मार्करने लेकीचं नाव लिहून तिच्या पाठीवर थापलं होतं. नंबर नव्हता, यादीत नाव नव्हतं. लेकीने निघतानाच किरकिर लावली, तेव्हा तिने ते कपाळकरंटं घड्याळ मनगटावरून काढलं आणि खेळायला म्हणून लेकीच्या हातात अडकवलं; लेक ते खुळखुळ्यासारखं हलवत बसली. दोन्ही हातांनी गाडी धरली आणि फुटपाथवरून निघाली.

दुसऱ्या किलोमीटरलाच सर कडेच्या कठड्यावर बसलेले दिसले. चेहरा बिटासारखा.

"अगं, थांब! निदान हे नाव तरी शेवटपर्यंत घेऊन जा. साहेब तिकडे उभे आहेत!" ते पाठीवरचा कागद सोडवायला धडपडत होते.

"नको सर. चार किलोचं बाळ आहे, मला झेपायचं नाही."

ती थांबली नाही. सातव्या किलोमीटरला वॉर्डाची खिडकी आली. सिस्टरने वरून हात हलवला. लेकीने मग खालून जो हात हलवायला घेतला, तो काही थांबवेना. खिडकीला, पोलिसाला, कुत्र्याला, पाणी वाटणाऱ्यांना, शेवटपर्यंत सगळ्यांना टाटा. सुईमावशीला रडू आलं, आणि डोळे पुसायला हात मोकळा नसल्याने पाणी तसंच वाहू दिलं.

सोमवारी घड्याळं परत करायची होती. जमा करणारा कारकून आकडा वाचून खुर्चीतच ताठ बसला.

"कालची दहा हजार सातशे पावलं? तुमची?"

"नाही," सुईमावशी म्हणाली. "माझ्या लेकीची. अजून चालत नाही ती."

तिने मागे वळून काचेच्या केबिनकडे पाहिलं आणि म्हणाली, "लिहा. इथे न चालणाऱ्यांचीच मोजतात ना?"

कारकुनाने लिहिलं.