उलटा नवस

रोज सकाळी मळ्यातला पहिला झेंडू महादेवाला वाहायचा आणि काहीही मागायचं नाही, असं माझं बत्तीस वर्षांचं व्रत आहे. बाकीचा झेंडू तेल्हाऱ्याच्या बाजारात जातो.

उन्हाळ्यात माझ्या तोंडात, टाळूला गाठ आली. अकोल्याच्या डॉक्टरांनी तुकडा काढून तपासला. लाळेच्या बारक्या ग्रंथीचा कॅन्सर निघाला, फार क्वचित कुणाला होणारा. "याचा तंबाखूशी संबंध नाही," असं ते म्हणाले तेव्हा ह्यांनी, आमच्या प्रणालीच्या बाबांनी, केवढा श्वास सोडला! तंबाखू-सुपारीचा खर्रा हे खातात आणि गाठ मला, म्हणून गावानं त्यांना फार ऐकवलं होतं. त्या आनंदात हे बाहेर जाऊन एक खर्रा खाऊन आले.

तेवढ्यात डॉक्टरांनी मला पुढचं समजावलं. तपासणीत गळ्यातही एक गाठ दिसली होती, थायरॉईडमध्ये, आणि तीही कॅन्सरचीच वाटत होती. तिचा सुईनं नमुना घेतला. हे परत आल्यावर मी एवढंच म्हणाले, "एकच आजार हाय का दोन, ते शुक्रवारी समजन."

बुधवारी बघते तर हे आंघोळ करून देवळाकडून येत होते. कधी पायरी न चढलेला माणूस!

"नवस बोललो," चहाचा कप उचलत हे म्हणाले. "म्हटलं, महादेवा, दोन-दोन आजार नको लावू हिच्या मागं. एकच निघू दे, खर्रा सोडतो."

मी हळूच म्हणाले, "अहो, उलटं मागितलं तुमी."

"कावून?"

"एकच असला म्हणजे टाळूतला गळ्यात पसरला. मग कठीण हाय. दोन निरनिराळे असले तं दोन्ही काढून टाकता येतात."

कप तसाच ठेवून हे अनवाणी पळाले. शेजारच्या तानुबाईनं विचारलं, "काय झालं वो भाऊजी?"

"अर्ज चुकला! दुरुस्त करून येतो!"

शुक्रवारी डॉक्टरांनी कागद वाचला. "केशवराव, गळ्यातलाही कॅन्सरच आहे, पण स्वतंत्र. टाळूच्या गाठीशी त्याचं नातं नाही. एकाच ऑपरेशनमध्ये दोन्ही काढू."

"दोन हायेत? वा! वा!" ह्यांनी हात जोडले. दाराशी उभी नर्स बघतच राहिली.

परतीच्या एसटीत हे विचारात पडले. "खर्रा मी एक निघाल्यावर सोडणार होतो. दुसऱ्या खेपेले घाईत खर्र्याचं बोललोच नाही. म्हणजे तसा मी मोकळाच हावो."

मी खिडकीबाहेर बघत होते. कपाशी गुडघ्याएवढी झाली होती.

"देवाले मी कधी काही मागितलं नाही," मी म्हणाले. "तुमाले मागू काय?"

अडसूळ फाटा गेला. मग ह्यांनी खिशातली खर्र्याची पुडी काढून माझ्या पिशवीत, रिपोर्टांच्या खाली कोंबली.

"बत्तीस वर्सं चूप बसली, अन् मागितलं तं हेच!"