चौतीसची चिठ्ठी

शिंप्याचा धंदाच मापं काढण्याचा. पण थोरल्या भावाची मापं काढायची छाती धाकट्या शिंप्याला कधी झाली नाही. दादा गणिताचा मास्तर. आपली कंबर चौतीस, हे त्याला पाढ्यासारखं पाठ. पहिल्यांदा पँट काचली तेव्हा तो खवळला होता, "कापड आटलं की तुझं लक्ष नव्हतं?" तेव्हापासून शिंपी गुपचूप शिवण उसवून कंबर सैल करायचा आणि आत चिठ्ठी मात्र चौतीसचीच लावायचा. वहिनीही कटात सामील; काचू लागलेली पँट तीच त्याच्याकडे पोचवायची. झाकली मूठ सव्वा लाखाची! घरात शांतता राहिली, हे खरं.

मग एक दिवस शाळेचा जिना चढताना दादाच्या छातीत कळ आली, आणि शिंपी त्याला घेऊन डॉक्टरीणबाईंपुढे बसला.

रिपोर्ट बघून बाई म्हणाल्या, "रक्तातली चरबी, म्हणजे ट्रायग्लिसराइड्स, दुप्पट झालीत. साखर अजून उंबरठ्यावर आहे. इन्सुलिन भरपूर तयार होतंय, पण शरीर त्याला जुमानत नाही. ही दोन दुखणी जोडीनं येतात आणि हृदयाच्या रक्तवाहिन्यांवर उठतात. पोटाचा घेर वाढला की चाहूल लागते. तुमचा कधीपासून वाढला?"

"वाढलाच नाही. वीस वर्षं चौतीस," दादा ऐटीत म्हणाला. "हा बसलाय ना, यालाच विचारा."

बाईंनी टेप लावली. बेचाळीस इंच भरले.

"तुमच्या टेपचं काहीतरी चुकतंय, बाई." दादा उठायलाच लागला.

आपण गप्प बसलो तर दादा टेपला खोटं पाडून, औषधं न घेताच घरी जाणार, हे शिंपी ओळखून होता.

"टेप बरोबर आहे," तो म्हणाला. "तू सायकल विकलीस त्या वर्षी छत्तीस झाली. पोरीच्या लग्नात अडतीस. गेल्या वर्षी एक्केचाळीस. चिठ्ठ्या मी खोट्या लावल्या, दादा."

बाई आकडे लिहून घेत राहिल्या. दादा खाली बसला. पँटची कड उलटून त्यानं त्या चिठ्ठीवरून अंगठा फिरवला. एवढा कडक मास्तर, पण नापास झालेल्या पोरासारखा दिसत होता.

"मग सांगितलं का नाहीस रे?"

"तू रागावला असतास."

"रागावलो असतो," दादा म्हणाला. "फार तर दोन दिवस."