हार नको, लाथ घाला

मी एक जुना चामडी चेंडू आहे, आणि मित्रांनो, मला राग आलेला आहे. आधीच सांगून ठेवतो, म्हणजे मध्येच कुणी "चेंडूने जरा गोड बोलावं" असं म्हणायला नको.

माझा जन्म आयर्लंडचा. जन्मतःच पोटात हवा आणि अंगभर टाके. तिथल्याच किलब्रॅक नावाच्या पॅरिशमध्ये मी आलो. पॅरिश म्हणजे एक चर्च, त्याच्याभोवतीची घरं, गाई, एक पब आणि एक मैदान. त्या मैदानावर गेलिक फुटबॉल खेळत. या खेळात चेंडू हातात घेऊन पळतात, लाथेने उडवतात, ठोसा मारून दुसऱ्याकडे देतात, आणि गोलाच्या आडव्या दांडीवरून घालवला तरी गुण मिळवतात. थोडक्यात, चेंडूला मारायची एकही पद्धत या लोकांनी शिल्लक ठेवलेली नाही. मी अतिशय सुखात होतो.

तिथे मॅलकी टिअर्नी नावाचा तरुण होता. त्याचा डावा पाय म्हणजे काय सांगू. जिल्ह्याच्या अंतिम सामन्यात, शेवटच्या क्षणी, मैदानाच्या अगदी कडेवरून त्याने मला असा हाणला की मी दांडीवरून गेलो आणि किलब्रॅक जन्मात पहिल्यांदा जिंकलं. करंडक पॅरिशने ठेवला. मला मॅलकीने ठेवलं. पुढे त्याला जर्मनीत न्युरेम्बर्गच्या ट्रान्सफॉर्मर कारखान्यात नोकरी लागली, तेव्हा बॅगेत मोज्यांच्या शेजारी मी होतो.

न्युरेम्बर्गमध्ये संघापुरते आयरिश नव्हते. मॅलकी कॅन्टीनमध्ये ट्रे घेऊन उभ्या असलेल्या कुणालाही विचारायचा, "पळता येतं का?" त्या काळात कंपनी पुण्याहून इंजिनिअर आणत होती. त्यामुळे आमच्या संघात दोन आयरिश, एक जर्मन दंतवैद्य आणि बाकी सगळे सांगली, नाशिक, पुणे असे जमले. राजाभाऊ त्यांतले सर्वांत जुने. पळता येतं का, याला त्यांनी "नाही" असं प्रामाणिक उत्तर दिलं, म्हणून ते गोलकीपर झाले. दर रविवारी खेळ संपला की मॅलकी आणि ते बाकावर बसून राजाभाऊंच्या डब्यातला चिवडा खायचे. फारसं बोलायचे नाहीत. मी मध्ये असायचो, चिखलाने माखलेला. तो माझा उत्तम काळ.

यंदा वसंतात मॅलकी वारला आणि मी राजाभाऊंच्या घरी आलो. आणि लोकांनी माझा छळ सुरू केला.

आधी पॅरिशचं ऐका. त्यांनी चौकात त्याचा पुतळा उभारला. शिल्पकाराला दिलेला फोटो उलटा छापलेला होता, त्यामुळे पुतळा उजव्या पायाने लाथ मारतो. मैदानाला मॅलकीचं नाव दिलं. नाव दिल्यावर गवत खराब व्हायला नको म्हणून कुंपण घातलं, कुलूप लावलं. आता मॅलकीच्या नावाच्या मैदानावर फक्त एक मेंढी खेळते, कारण ती कुंपणाखालून येते.

आणि इकडे राजाभाऊ. खंडेनवमीला त्यांनी घरातली हत्यारं पुजली. लॅपटॉप, ड्रिल मशीन, सायकलचा पंप, आणि मी. हळद, कुंकू, झेंडूचा हार. मला वाटलं, ठीक आहे, एक दिवसाचा प्रश्न आहे. दसरा झाल्यावर ड्रिल कामाला लागलं. पंपही कामाला लागला. मी मात्र देव झालो. चौरंगावर बसलो. ज्याची पूजा केली त्याला पाय कसा लावायचा, असं राजाभाऊंचं म्हणणं.

"राजाकाका, तो फुटबॉल आहे," ईप्सिता म्हणाली. ही आमची कर्णधार, विद्यापीठात पीएचडी करते.

"मला माहीत आहे काय आहे ते."

"मग ड्रिलने भोकं पाडताना पाप नाही का लागत?"

"ड्रिलला मी पाय लावत नाही, ईप्सिता."

चामडं न वापरता ठेवलं की कडक होतं आणि तडकतं, मित्रांनो. मी चौरंगावर तडकायला लागलो होतो, आणि माझ्यापुढे रोज खडीसाखर ठेवली जात होती.

मग मॅलकीच्या स्मरणार्थ सामना ठरला. म्युनिकचा संघ आला. किलब्रॅकहून मॅलकीची बहीण नोरा आली, सोबत काचेची पेटी. पॅरिशच्या कमिटीने तिला मला घेऊन यायला पाठवलं होतं. चर्चच्या सभागृहात, कायमचा, काचेआड. चौरंगावरून काचेत, म्हणजे माझी बढती होती.

सामन्यासाठी राजाभाऊंनी नवा चेंडू आणला. मी कडेला, चौरंगावर, हारासकट. म्युनिकवाले येता-जाता फोटो काढत होते. मी आतून इतका तापलो होतो की हवा भरायची गरज पडू नये.

उत्तरार्धात म्युनिकच्या एका धटिंगणाने मारलेला नवा चेंडू गोलाच्या बाहेरून शेजारच्या बागेत गेला. ईप्सिता कुंपणाशी धावली. बागेचे मालक क्राउससाहेब टोमॅटोच्या वाफ्यात खुर्ची टाकून बसले होते.

"आज रविवार आहे. रूहेत्साइट," ते म्हणाले. म्हणजे शांततेची वेळ.

"चेंडू तुमच्या पायाशीच आहे हो."

"गेनाऊ, अगदी बरोबर. आणि तो शांत आहे. उद्या सकाळी या."

झालं. मैदानावर चेंडू म्हणून मी एकटा उरलो. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. राजाभाऊ गोल सोडून आले, मला उचललं, छातीशी घट्ट धरलं आणि चालू लागले. "सामना बरोबरीत," ते म्हणाले. "पुरे आता."

"काका, द्या इकडे."

"नाही."

ते चालतच राहिले. तेवढ्यात कडेच्या खुर्चीतून नोरा ओरडली, "फाउल!"

राजाभाऊ थांबले. "काय झालं, नोराताई?"

"चेंडू हातात धरून इतकं चालता येत नाही. चार पावलांत टप्पा घ्यायचा, नाहीतर पायाने उडवायचा. माझ्या भावाने एवढंही शिकवलं नाही तुम्हाला?"

"शिकवलं."

"मग खाली ठेवा आणि मारा. चेंडू त्यांनी बाहेर घालवला, तेव्हा किक गोलकीपरचीच आहे. गावाला तर त्याच्या मैदानालाच कुलूप आहे. मला कुठेतरी खेळ बघू द्या."

राजाभाऊ मला घेऊन गोलाकडे परत आले. मग त्यांनी माझ्या गळ्यातला हार काढला, मला गवतावर ठेवलं, वाकून मला हात लावून तो कपाळाला लावला आणि चार पावलं मागे गेले. पंचाने शिट्टी वाजवली.

मित्रांनो, ती लाथ दिसायला फार वाईट होती. पण मी उडालो. कुंकू उडालं. माझी एक शिवण उसवली आणि मला वेड्यासारखा आनंद झाला.

नोरा रिकामी पेटी घेऊन परत गेली. कमिटी चिडली आहे म्हणे. चिडू दे, मीही चिडलेलोच आहे. तुमच्याकडे कुणाची आठवण म्हणून चेंडू, सायकल, तबला असं काही असेल, तर पुसा, तेल लावा, उसवलं तर शिवा. आणि मग वापरा. नुसती फुलं वाहाल तर आम्ही आतून तडकतो, आणि तुम्हाला ते दिसतही नाही.

त्या दिवशी किक मारल्यावर राजाभाऊ गोलात खाली बसले आणि रडले. ईप्सिता धावत आली, तेव्हा अंगठ्याला लागलं म्हणाले. मी सांगतो, माझ्यात अर्धीच हवा होती, अंगठ्याला लागणार कसं?