मी खणलेलं ओबिएरोचं थडगं

मी एक जुनी कुदळ आहे, मित्रांनो. पातं झिजून तळहाताएवढं उरलंय. पण म्हातारी म्हणून माझ्यासाठी हळहळू नका. मला अजून काम आहे.

सरोवराकाठच्या आमच्या गावातल्या लोहाराने मला रेल्वेच्या टाकाऊ लोखंडातून ठोकून काढलं. डोरकाने मला विकत घेतलं. ती लष्करी दफनभूमीत कामाला होती. मला हात लावण्याआधी ती रोज छातीवर क्रूस काढायची. शुक्रवारी तिचा उपास असे, तरी हात कधी ढिला पडला नाही. तिथे पांढऱ्या दगडांच्या चार ओळी होत्या, पहिल्या महायुद्धातल्या सैनिकांच्या. त्यांच्याभोवतीचं गवत आम्ही दोघी असं काढायचो, की कड दोरी लावून आखल्यासारखी दिसे. नैरोबीहून तपासणीला येणारे साहेब म्हणत, "अशी कड साऱ्या देशात नाही." खोटं कशाला बोलू, मला गर्व झाला होता.

डोरकाचे वडील ओबिएरो त्याच युद्धात गेले होते. बंदूक कुणी दिली नव्हती, पलटणीच्या पेट्या डोक्यावर वाहायला नेलं होतं. ते परतले नाहीत. त्या चार ओळींत त्यांचं नाव कुठेच नव्हतं, आणि बारा वर्षं तिथे राबूनही ते माझ्या ध्यानात आलं नाही. या गोष्टीची मला आजही लाज वाटते.

मग गवत कापायचं यंत्र आलं. डोरकाची नोकरी राहिली, पण मला तिने घरी नेऊन दारामागे ठेवलं. मी तिथे गंजत पडले.

आमच्याकडे देह मिळाला नाही तर यागोच्या झाडाचं लांबट, जड फळ माणसाच्या जागी पुरतात. पण एकदा फळ पुरलं, की तो माणूस जिवंत परतला तरी त्याला घरात पाऊल टाकता येत नाही. म्हणून डोरकाची आई अगुटू चव्वेचाळीस वर्षं नको म्हणत राहिली. त्या वर्षी तिचे पाय सुजले, चार पावलांत धाप लागू लागली.

"मी आधी गेले तर त्याला कोण पुरणार?" ती डोरकाला म्हणाली. "फळ आण. आणि घरच्या अंगणात नको, तिथे सैनिकांत पूर."

अगुटूचे थोरले दीर रापुडो हसले. "अगुटू, मेल्यावरही त्याला गोऱ्यांच्या रांगेत उभं करतेस होय?"

"उभं कशाला, भावजी? त्यांच्यामागे चालून त्याच्या टाचा फुटल्या. आता शेजारी आडवा होऊ दे."

"पोरीची नोकरी जाईल."

"जाऊ दे, काका," डोरका म्हणाली. "हात तर माझ्यापाशीच राहतील ना?"

रविवारी प्रार्थना झाल्यावर, भर दुपारी, तिने मला हातात घेतलं. चौथ्या ओळीच्या टोकाला आम्ही खणलं. अगुटू तिवईवर बसून बघत होती. फळ ठेवलं, माती लोटली, तेवढ्यात मुख्य माळी ओंदितीने साहेबांना बोलावून आणलं. साहेब त्या दिवशी गावातच मुक्कामाला होते.

"उकरून काढा हे," साहेब म्हणाले. "आत माणूसच नाही."

डोरका हळूच म्हणाली, "साहेब, त्या कोपऱ्यातल्या दगडावर नाव का नाही?"

"तो कोण होता ते कळलं नाही."

"तिथे माणूस आहे, नाव नाही. तुम्ही त्याला जागा दिलीत. त्याची कड मी बारा वर्षं राखली. इथे नाव आहे, माणूस नाही. मग ह्याला का नाही?"

 साहेबांनी मला उचलून ओंदितीच्या हातात दिलं. "उकर."

 ओंदितीने मला गवतावर ठेवलं.

"साहेब, माझा मामाही पेट्या वाहायला गेला होता."

साहेबांनी स्वतः उकरायला मला हाती घेतलं नाही. ते निघून गेले. दुसऱ्या दिवशी डोरकाची नोकरी गेली. थडगं राहिलं. अगुटूने पुरल्याच्या दुपारीच मक्याच्या पिठाची उगाली आणि मासा मागून घेतला, ताट पुसून खाल्लं. तीन आठवड्यांनी ती गेली, आणि आपल्या माणसाला पुरून गेली.

ओबिएरोला पुरलं त्याच्या पुढच्याच रविवारी ओंदिती मामासाठी मला मागायला आला. आता तिथे बिनदगडांचे नऊ उंचवटे आहेत. ते सपाट करा म्हणून दरवर्षी पत्र येतं. डोरका ते वाचून घेते आणि आम्ही नऊंच्याही कडा नीट राखतो.

मित्रांनो, माझा गंज खरवडा, मला तेल लावा, पण संग्रहालयाच्या काचेत ठेवू नका. तुमच्या गावी युद्धाचं स्मारक असेल तर हार घालण्याआधी विचारा, ओझी कुणी वाहिली, आणि त्यांची नावं कुठे आहेत. नावं मिळाली की त्यांची जागा झाडा, तिथलं गवत काढा. आणि हे नऊ उंचवटे सपाट करायला कुणी आलंच, तर त्याने आपली कुदळ घेऊन यावं. मिटलेली माती मी उकरणार नाही.