शेंदराखालची अक्षरं

"बोल दो ना शेट उनको. दाँत खाती ये मशीन."

"इचारलं तर सांगू की. आपण होऊन कशाला?"

माझ्यापासून दोन हातांवर, ओतकामाच्या काळ्या वाळूच्या ढिगापलीकडे हे बोलणं झालं. बोलणारे होते त्या शेडचे मालक राजय्याशेट आणि त्यांचे जुने इब्राहिम मिस्त्री. दाराशी पुस्तकं छातीशी धरून उभी असलेली सतरा वर्षांची मुलगी त्यांच्या लेखी भिंतीइतकीच मुकी होती, आणि त्यांचं फारसं चुकतही नव्हतं. मार्गशीर्षातली सकाळ होती. छपराच्या पत्र्यांना पडलेल्या भोकांतून उन्हाच्या काड्या तिरप्या उतरल्या होत्या, आणि त्या काड्यांच्या मधोमध, देवळात प्रथमच आलेल्या माणसासारखे, माझे आप्पा एका जुन्या मिलिंग मशीनपुढे उभे होते.

आप्पांची आठवण मला नेहमी त्यांच्या डोळ्यांपासून येते. वीस वर्षं ते गिरणीच्या साचेखात्यात फिटर होते. तिथं शेकडो माग एकाच वेळी धडधडतात, तेव्हा आवाजाला काही किंमत उरत नाही. माणसं एकमेकांच्या ओठांकडे बघून बोलतात. ती सवय आप्पा भोंग्याबरोबर घरी घेऊन येत. कान निम्मे गेले होते, पण समोरच्याच्या ओठांवर शब्द उमटायच्या आतच तो त्यांच्या डोळ्यांत पोचलेला असे. मी जात्याच लाजाळू. मी नुसते ओठ हलवायचे, आणि आप्पा घरभर ऐकू जाईल असं सांगायचे, "पोरीला ताक पायजे." असं माझं सगळं बालपण माझ्या ओठांवर आणि आप्पांच्या गळ्यात वाटून राहिलेलं होतं. मडमांच्या इंग्रजी शाळेत त्यांनी मला हट्टानं घातलं, पण वर्गातही माझी उत्तरं दातांच्या आतच राहत. आत्या म्हणायची, "लई शाळा शिकवली की रं! होती तेवढी वाचाबी गेली पोरीची." आप्पा हसत. त्यांना माझी वाचा दिसत होती. ऐकू येण्याची त्यांना गरज नव्हती.

गिरणीची नोकरी त्यांनी आठच दिवसांपूर्वी सोडली होती. गावाबाहेर एक छोटी शेड बांधायची आणि मागांची, इंजिनांची दातेरी चाकं इथंच कापायची, हे त्यांच्या मनात कित्येक उन्हाळे शिजत होतं. एखाद्या मागाचं चाक मोडलं की नवं मुंबईहून येईपर्यंत माग मुका पडून राही, आणि मागवाल्याच्या घरची चूलही. आप्पांपाशी लोखंड गोल कातायचा लेथ होता. पण चाकाला सारखे दात पाडायचे तर मिलिंग मशीन हवं. त्यात पोलादी दातांचा कटर जागच्या जागी फिरतो आणि टेबलावर बांधलेलं लोखंड त्याच्याकडे सरकत जातं. नव्या यंत्राची स्वप्नंसुद्धा आम्हांला परवडणारी नव्हती. हे एकच स्वस्तात मिळत होतं. का मिळत होतं, ते मात्र कुणी सांगत नव्हतं.

कागद बघायला म्हणून आप्पांनी मला बरोबर आणलं होतं. राजय्याशेटनी पेटीतून घड्यांवर फाटलेला एकच कागद काढून दिला. मी तो उजेडात धरला. रेल्वेची जुनी पावती होती. तिच्यावर पेटीचं वजन होतं आणि बाकी काही नव्हतं. मी ओठ हलवले. आप्पा मोठ्यानं म्हणाले, "नुसतं वजन हाय म्हनं."

"मशीनला कागद कशाला, आप्पा? बैलाला काय कागद असतो?" शेट हसले आणि माझ्याकडे वळले. "काय अम्मा, इंग्लिश शाळा ना? मग आवाज शाळेतच ठेवून आली काय?"

मी खाली पाहिलं. आणि जरा वेळानं, ते दोघं दाराकडे आले तेव्हा, ते दात खाण्याचं बोलणं माझ्या कानांवर पडलं.

मी काही करायच्या आत मिस्त्रींनी पट्टा चढवला होता. छताखालचा शाफ्ट गरगरू लागला, चामड्याचा पट्टा फटफट वाजू लागला, आणि यंत्र जागं झालं. आप्पांनी पिशवीतून आपला शिसवी दांडा काढला. एक टोक यंत्राच्या अंगाला, दुसरं कानामागच्या हाडाला, आणि डोळे मिटलेले. हवेतून जे त्यांच्यापर्यंत येत नसे, ते असं लाकडातून आणि हाडातून येई. त्यांचा चेहरा त्या वेळी विलक्षण कोवळा दिसे, पोटुशा बाईच्या कुशीला कान लावणाऱ्या सुइणीसारखा. ते यंत्राभोवती हळूहळू फिरत होते, कुठं थांबत होते, मान हलवत होते.

"आत खणखणीत हाय की," डोळे न उघडताच ते म्हणाले. "जरा कापून दावा."

"कटरला धार नाय आज," शेट म्हणाले. मिस्त्रींनी नजर फिरवून वाळूच्या ढिगाकडे लावली.

मीही यंत्राकडे पाहत होते, आणि भीतीपेक्षा कुतूहल मोठं होत चाललं होतं. कुठल्या परक्या गावात ते ओतलं गेलं असेल? कुणाच्या हातांनी त्याच्या मुठी अशा गुळगुळीत झाल्या असतील? आणि इतकं निरोगी यंत्र कटरचे दात का खात असेल? त्याच्या पुढच्या अंगाला, माणसाच्या कपाळाच्या उंचीवर, शेंदराचा जाड थर होता. दर खंडेनवमीला त्याच जागी तेल-शेंदूर चढत गेला असणार. वर्षांवर वर्षं बसून त्याचं कवच झालं होतं. त्या कवचाचा एक टवका नुकताच उडाला होता. उन्हाची एक काडी सरकत सरकत तिथं आली, आणि आत पितळ चमकलं. पितळेवर एक 'एन' होता, एक 'टी' होता, आणि बाणाचं शेपूट होतं.

कागद नाही, असं कुणी म्हटलं होतं? यंत्रानं आपलं सगळं म्हणणं कपाळावर लिहून आणलं होतं. आणि माणसांनी पहिल्याच सणाला त्याची पूजा करून ते झाकून टाकलं होतं. भक्तीनं झाकलेलं कुणी उघडून बघत नाही.

आप्पांनी दांडा पिशवीत ठेवला आणि नारळ बाहेर काढला. आमच्याकडे नारळ फुटला की सौदा झाला. मग पुढं काहीही निघो, शब्द मागं घ्यायचा नाही. मी ओठ हलवले. पण आप्पांची पाठ माझ्याकडे होती, आणि त्यांचे डोळे यंत्रावर. पट्टा फटफटत होता. नारळ वर गेला. माझ्या आयुष्यात प्रथमच माझ्या ओठांकडे कुणीही पाहत नव्हतं.

मी बोलले. माझा आवाज मलाच अनोळखी वाटला, कुणी दुसरीच मुलगी दाराशी येऊन उभी राहिल्यासारखा. शेटनी मान वळवली. मिस्त्रींनी मान वळवली. त्यांच्या वळलेल्या माना पाहून आप्पा वळले, आणि नारळ तसाच हातात राहिला.

मिस्त्रींनी पट्टा उतरवला. आधी त्यांनी बोट यंत्राच्या कपाळाला लावलं, पुटपुटत कसली तरी माफी मागितली, आणि मग घासलेटात भिजवलेल्या चिंधीनं शेंदूर पुसायला घेतला. वितळलेला लाल रंग त्यांच्या मनगटांवरून ओघळत होता. पितळ उघडं झालं. एक बाण होता आणि दोन ओळी होत्या. मी त्या इंग्रजीत वाचल्या, मग मराठीत सांगितल्या: कटरनं येणाऱ्या लोखंडाला सामोरं जाऊन फिरावं, लोखंडाच्याच दिशेनं फिरून त्याला आत ओढू नये.

मिस्त्रींनी बाणावरून बोट फिरवलं आणि टेबलाकडे पाहिलं. मग त्यांनी स्वतःच्या कपाळावर थाप मारली. "पुरानी जागा छोडी ना शेट, तवाच शाफ्ट उलटा फिरने लगा. मैं कटर पलटाया, टेबल नै पलटाया! जोर से अंदर खींचती थी बिचारी. दाँत टूटेंगे नै तो क्या होंगे?"

आता यंत्रात काही दोष नव्हता, आणि म्हणून ते स्वस्तात देण्याचं कारणही उरलं नव्हतं. हे सगळ्यांच्या एकदमच लक्षात आलं. मला वाटलं, मी तोंड उघडून आप्पांचं यंत्र घालवलं. राजय्याशेट पितळेकडे बघत होते, मग माझ्याकडे, मग पुन्हा पितळेकडे.

"पाच वर्षं माझ्या घरात होतं," ते शेवटी म्हणाले. "मी एकदा पण कुणाला वाच म्हटलो नाही. आणि तुला सांगायचं पण नव्हतं मला, आप्पा. फोड नारळ."

ते यंत्र आमच्या शेडमध्ये आप्पांच्या शेवटच्या दिवसापर्यंत फिरलं. खंडेनवमीला आप्पा त्याला शेंदूर लावत, पण त्या पितळी पट्टीच्या बाजूला, चार बोटं सोडून. पितळ मात्र ते रोज पुसत. त्यांना वाचता येत नसे. अंगठा बाणावरून शेपटाकडून टोकाकडे फिरवत आणि मगच पट्टा चढवत. त्या अंगठ्यानं आता अक्षरं जवळजवळ पुसट झाली आहेत. शेंदरानं जे झाकलं होतं, ते मायेनं झिजवलं. काळाला हात कुणाचे का असेनात, काम त्याचंच होतं. आप्पा गेले तेव्हापासून माझ्या ओठांकडे बघून कुणाला काही कळत नाही, जे म्हणायचं ते मोठ्यानं म्हणावं लागतं. अजून अवघड जातं. शब्द दातांशी येऊन थबकतात, आणि मग उन्हाच्या तिरप्या काड्या दिसतात, वर उचललेला एक नारळ दिसतो, आणि फटफटणाऱ्या पट्ट्याच्या वर चढलेला तो अनोळखी आवाज ऐकू येतो:

"मिस्त्रीचाचा, मशीन थांबवा. त्याच्या कपाळावरचा शेंदूर पुसा. खाली लिहिलंय. मी वाचते."