नाही म्हणण्याचा सराव

पुण्यात अठरा वर्षं नर्सची नोकरी केली, पण सुनीतीच्या इंजेक्शनला कुणी कधी नावं ठेवली नव्हती. ते न्यूझीलंडमधल्या हॅमिल्टनला आल्यावर घडलं, आणि तेही एका रबरी बाहुलीला इंजेक्शन देताना.

साल २००६. नवरा राजाराम दूध पावडरच्या कारखान्यात इंजिनिअर होता. सुनीती एका वृद्धाश्रमात म्हाताऱ्यांना आंघोळ घालणं, भरवणं अशी कामं करायची. पुन्हा नर्स व्हायचं तर इथलं लायसन्स हवं, त्यासाठी काही आठवड्यांचा कोर्स आणि शेवटी प्रात्यक्षिक परीक्षा.

सराव परीक्षेत कोर्स शिकवणाऱ्या मार्गारेटने डॉक्टरची भूमिका घेतली होती. तिने सांगितलं, "दहा युनिट इन्शुलिन दे." चार्टवर साखर होती ३.२. पुण्यातले साखरेचे आकडे वेगळे, म्हणून सुनीतीने इथल्या आकड्यांचा तक्ताच फ्रिजवर चिकटवला होता. साखर आधीच खाली गेलीय, हे तिला एका नजरेत कळलं. तरी तिने सिरिंज भरली आणि बाहुलीला टोचली.

"चार्ट वाचला नाहीस?" मार्गारेटने विचारलं.

"वाचला."

"मग?"

"डॉक्टरांनी सांगितलं होतं ना."

मार्गारेटने पेन खाली ठेवलं. "खऱ्या परीक्षेत एवढ्यावर नापास होशील, सुनीती. तीन आठवडे आहेत हातात. डॉक्टरला नाही म्हणायला शीक."

घरी जेवणानंतर राजाराम डॉक्टर झाला. सुनीती हात जोडल्यासारखं करून म्हणाली, "सॉरी डॉक्टर, जमलं तर एकदा चार्ट बघता का?"

"हो हो, बघतो की," राजाराम म्हणाला.

"अहो, असं नाही! चिडा ना जरा माझ्यावर."

त्याने डोळे वटारले आणि त्यालाच हसू फुटलं. सोफ्यावरून तेरा वर्षांच्या सुखदाने निकाल दिला, "बाबा, यू आर सो बॅड अ‍ॅट धिस."

चिडणारा माणूस सुनीतीला वृद्धाश्रमातच सापडला. डॉक्टर फ्रेझर, वय चौऱ्याऐंशी, एकेकाळचे सर्जन. चहा कोमट झाला तरी कप परत पाठवायचे. सगळे त्यांना टरकून असत. एका सकाळी त्यांच्या स्वेटरची बटणं लावताना सुनीतीने धीर करून विचारलं, "डॉक्टर, माझ्यावर रोज पाच मिनिटं ओरडाल का?"

म्हाताऱ्याचे डोळे चमकले.

दुसऱ्या दिवसापासून त्यांचा आवाज पार स्वयंपाकघरापर्यंत जाऊ लागला. "सिस्टर! डॉक्टर मी आहे की तू? सांगतो तेवढं कर!" सुनीतीचे कान तापायचे, तोंडातलं इंग्रजी पळून जायचं. पहिले चार दिवस ती "येस डॉक्टर" म्हणूनच बाहेर पडली. पाचव्या दिवशी मात्र तिने हातातला ट्रे खाली ठेवला.

"नाही डॉक्टर. यात पेशंटला धोका आहे. मी हे औषध देणार नाही."

फ्रेझरांनी मान खिडकीकडे वळवली. त्यांना लागलं की काय, असं तिला वाटलं.

"माझ्या वॉर्डात एक नर्स होती," ते म्हणाले. "मी लिहिलेला डोस जास्त आहे, हे तिला दिसलं होतं. ती बोलली नाही. मी असाच ओरडायचो ना, म्हणून."

"आणि पेशंट?"

"गेला. बत्तीस वर्षांचा होता." त्यांनी नाक शिंकरलं. "उद्या याहून मोठ्याने ओरडेन. तयारीत ये."

परीक्षेच्या सकाळी वायकाटो नदीवर दाट धुकं होतं. राजारामने गाडी बैलगाडीच्या वेगाने नेली. परीक्षेतला पेशंट ऑपरेशन होऊन आलेला, चार्टवर श्वास मिनिटाला फक्त आठ. तेवढ्यात डॉक्टर झालेला परीक्षक घाईघाईने आला. "वेदना आहेत त्याला. मॉर्फिन दे आणखी."

मॉर्फिनने श्वास आणखी मंदावणार. सुनीतीने चार्टवरचा आकडा पुन्हा एकदा पाहिला.

"सिस्टर, ऐकू आलं ना?"

"आलं डॉक्टर." तिचा आवाज कापत होता. "पण श्वास आठवर आलाय. मी मॉर्फिन देणार नाही. तुम्ही आधी त्याला तपासा."

"आणि मी म्हटलं, द्यायचंच, तर?"

याचा सराव झाला नव्हता. सुनीतीने बेडजवळच्या घंटीवर हात ठेवला. "तर मी वॉर्डच्या इन्चार्जना बोलावते. आत्ताच."

परीक्षकाने चेहऱ्यावरची रेषही न हलवता कागदावर काहीतरी लिहिलं.

पत्र तीन आठवड्यांनी आलं. सुखदाने ते दारातच फोडलं आणि रस्ताभर ऐकू जाईल अशी किंचाळली, "आई, यू पास्ड!" राजारामने त्या दिवशी स्वतः शिरा केला. गुठळ्या झाल्या होत्या, पण तिघांनी पातेलं चाटूनपुसून संपवलं.

महिन्याभरात सुनीती सर्जिकल वॉर्डात रुजू झाली. पहिल्याच सकाळी एक उंच सर्जन तिच्यापुढे हात करून, इथल्या माओरी पद्धतीने नमस्कार करत म्हणाला, "किया ओरा, मी डेव्ह. तुझं नाव?"

अठरा वर्षांत एकाही डॉक्टरने तिला नाव विचारलं नव्हतं. पुण्यात ती नुसती 'सिस्टर' होती.

"सुनीती," ती म्हणाली. त्याला ते पहिल्या खेपेला म्हणता आलं नाही. तिने सावकाश, अक्षरं सोडवून पुन्हा सांगितलं, आणि त्याला नीट म्हणता येईपर्यंत ती तिथेच थांबली.