तपासलेली बाटली

"कॅली, आत येऊ नकोस. दारातच थांब."

आर्डिस मॅकी हे इतक्या हळू म्हणाली की कॅलीला वाटलं, हिचा घसा बसलाय. मार्चमध्ये मिनेसोटाच्या या टोकाला निम्म्या गावाचे घसे बसलेलेच असतात.

"तुमची कॉफी आणलीय. दोन साखरेची."

"ती खाली ठेव. हळू. आणि दार आपटू नकोस."

आर्डिस रसायनांच्या कोठीत मागच्या भिंतीच्या लोखंडी कपाटासमोर उभी होती. डावा हात खांद्याच्या उंचीवर, तळवा अर्धवट उघडलेल्या दारावर टेकवलेला. कपाट सुंडक्विस्ट प्रोफेसरांचं. ते जानेवारीत गेले आणि त्यांच्या मुलीने गेल्या आठवड्यात किल्ली पाकिटात घालून पाठवली. आर्डिसने आज कपाट उघडायला घेतलं. दार चार बोटं सरकलं, तोच आतल्या फळीची गंजलेली खीळ निसटली, फळी कलली आणि तपकिरी काचेची एक बाटली घसरत येऊन दाराला टेकली. तळवा लावला म्हणून दार तिथल्या तिथे राहिलं. आणखी उघडलं तर बाटली खाली येणार, आणि बंद करायला जावं तर ती फळीवर घासणार. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, तशी गत.

बाटली नुसती फुटणारी असती तर आर्डिसने सोडून दिली असती. पण फटीतून तिला झाकणाची कड दिसत होती आणि कडेला पांढरे खडे चढले होते, साखरेसारखे.

"इथर आहे," ती म्हणाली. "आयसोप्रोपिल. खडे धरलेत."

कॅली ओस्टबी दोन वर्षांपूर्वी या कॉलेजात प्राध्यापक म्हणून आलेली, शिकलेली पोर. तिला पुढचं सांगावं लागलं नाही. हे इथर दिसायला पाण्यासारखं गरीब, पण हवेशी संगत जडली की आपल्याच पोटात स्फोटक तयार करत बसतं. म्हणून बाटलीचं सील फोडलं त्या दिवशी तिच्यावर तारीख घालायची आणि दर तीन महिन्यांनी कागदी पट्टी बुडवून बघायची. पट्टी निळी झाली की बाटली बाद. आणि खडे दिसले तर हातच लावायचा नाही, कारण झाकण नुसतं फिरवलं तरी हात मनगटापासून जायचा. आर्डिस एकतीस वर्षं दर सप्टेंबरला नव्या मुलांना हे सांगत आली होती. मुलं तिला मागून 'तारीखबाई' म्हणायची, ते तिला ठाऊक होतं आणि मनातून आवडायचंही.

"मी घंटा वाजवते," कॅली म्हणाली.

"घंटा नको. सगळे जिन्यावरून धडाधडा धावतील. मजल्यामजल्यावर जाऊन सांग, चालत बाहेर पडा म्हणावं. मग अग्निशमनवाल्यांना फोन कर, बाहेर जाऊन."

"आणि तुम्ही?"

"मी कुठे जातेय?"

कॅली वळली, पुन्हा थांबली. बिचारीला काहीतरी धीराचं बोलायचं होतं. "एक बरंय, आर्डिस. तुम्ही दर तीन महिन्यांनी तपासता. फार काही साचलं नसेल."

ती गेली. मजल्यावरच्या खुर्च्या सरकल्या, पावलं जिन्याकडे गेली आणि मग इमारत गप्प झाली. आर्डिसच्या नाकासमोर, दाराला लावलेल्या चिमट्यात, तपासणीचा कागद लटकत होता. सहा वर्षं, चोवीस ओळी. प्रत्येक ओळीत तारीख, त्यापुढे 'पट्टी पांढरी' आणि शेवटी तिची सही.

त्यातल्या एकाही तारखेला तिने ही बाटली तपासलेली नव्हती.

किल्ली सुंडक्विस्टांच्या खिशातून कधी निघायची नाही. तिमाही आली की ती त्यांच्या खोलीच्या दारात जाऊन उभी राहायची आणि ते म्हणायचे, "कालच पाहिलं मी, आर्डिस. पांढरी होती. तू लिहून टाक." ती लिहून टाकायची. सुरुवातीला खरंच पाहत असतील. पण शेवटच्या दोन वर्षांत ते तिलाच दोनदा विचारत की तुझा नवरा कसा आहे, आणि नवरा जाऊन नऊ वर्षं झाली होती. एकदा ते बुटाऐवजी घरातल्या सपाता घालून बर्फातून आले. तिने त्या पाहिल्या आणि हवेबद्दल बोलली. या मुलखात असंच करतात. समोरच्याला अवघडवायचं नाही, गाडी खड्ड्यात गेली तरी 'वाईट नाहीये' म्हणायचं. हाच सभ्यपणा मानतात. आमच्याकडे त्याला दुसरी म्हण आहे, भीड भिकेची बहीण.

शिवाय त्यांनीच तिला हातात काही डिग्री नसताना या कोठीत नोकरी दिली होती. त्यांना 'किल्ली द्या' म्हणणं म्हणजे 'तुमचं डोकं चालत नाही' म्हणण्यासारखं होतं. तिच्याने ते झालं नाही.

मे महिन्यात ती निवृत्त व्हायची होती. निरोपाला सगळी जुनी मुलं येणार होती, कोणी अलास्काहून सुद्धा. दंडात कळ येऊ लागली. उजवा हात मोकळा होता. तिने चिमट्यातून कागद ओढला, चार घड्या घातल्या आणि अंगातल्या प्रयोगशाळेच्या पांढऱ्या कोटाच्या खिशात सरकवला. वाटलं होतं त्याहून ते सोपं गेलं आणि त्याचीच तिला शरम वाटली.

अर्ध्या तासाने जड बुटांची, पण जपून टाकलेली पावलं आली.

"मिसेस मॅकी, मला वर्गाबाहेर उभं करायच्या तुम्ही, आज तुम्हीच उभ्या का?"

ट्रॉय व्हीलॉक. लोखंडाच्या खाणीत सुरुंग लावायचा आणि हौसेने अग्निशमनदलातही होता. वीस वर्षांपूर्वी तो इथे शिकायला होता. "पाच चंबू फोडले होते मी तुमचे," तो म्हणाला.

"सहा," ती म्हणाली. "सहावा तू लपवलास."

"ते तुम्हाला माहीत होतं?" तो हसला. अंगात जाड अंगरखा, हातात वाळू भरलेली बादली, छातीवर वायरलेस चालू. "बरं, ऐका. डॉक्टर ओस्टबी म्हणाल्या, तुम्ही डिसेंबरात तपासलीय आणि पट्टी पांढरी होती. म्हणजे तीन महिन्यांचा माल. तेवढ्याने काय होतंय? मी फटीतून हात घालून बाटली उचलतो, वाळूत बसवतो. दोन मिनिटांत तुम्ही मोकळ्या."

"नाहीतर?"

"नाहीतर डुलूथ शहराच्या बॉम्बपथकाची वाट बघायची. त्यांच्याकडे यंत्राचा हात आहे. त्यांना यायला दीड तास लागेल, वर रस्त्यावर बर्फ. तेवढा वेळ तुमच्याने उभं राहवायचं नाही, मिसेस मॅकी. तुमचा दंड इथून थरथरताना दिसतोय."

तो हातमोजे चढवू लागला. आर्डिस त्याच्या हातांकडे बघत राहिली. मोठे, लालसर हात. याच्या दोन्ही मुली चर्चमध्ये पुढच्या बाकावर बसून एकमेकींच्या वेण्या ओढायच्या. गप्प राहिलं की दोन मिनिटांत सगळं संपत होतं. बाटली उडाली नाही तर कोणाला काही कळणारही नव्हतं. आणि खरं बोलायचं तर आता त्याच्यापुरतं बोलून भागणार नव्हतं. वायरलेसवरचा लाल दिवा लागलेला होता आणि बाहेर गाडीपाशी कॅली आणि दलातली माणसं ऐकत होती. इकडे आड, तिकडे विहीर आणि मधे ही, एक हात दाराला लावून.

"ट्रॉय, हात लावू नकोस."

"अहो, तीन महिन्यांची..."

"तीन महिन्यांची नाही. सहा वर्षांची आहे, कदाचित त्याहून जुनी. मी ती कधीच तपासली नाही."

"म्हणजे डिसेंबरात राहून गेलं?"

"कधीच नाही. एकदाही नाही. कपाट मी आज पहिल्यांदा उघडलं. त्या सह्या खोट्या आहेत." तिने उजव्या हाताने कागद काढला आणि त्याच्या बाजूला लांब धरला. "सगळ्या माझ्या."

वायरलेसमधून नुसती खरखर येत होती.

"कोणी करायला लावलं?" त्याने विचारलं.

"कोणी नाही. पेन माझ्याच हातात होतं."

ट्रॉयने हातमोजे काढले. बादली त्याने अगदी अलगद, फरशीला आवाज न करता खाली ठेवली. पण तो तिथून हलेना.

"मी इथे थांबतो. तुमच्या हाताला हात लावतो."

"तू बाहेर जा. दोघांनी धरलं तर दार हलेल. तेव्हाही ऐकत नव्हतास, आता तरी ऐक."

तो मागे सरत गेला, पावलापावलाला "मिसेस मॅकी" म्हणत.

त्यानंतरचा दीड तास आर्डिसने कसा काढला ते तिने कोणाला सांगितलं नाही. आधी दंड जळत होता, मग मुंग्या आल्या, मग हात आपला नाहीच असं झालं. रडू आलं तेव्हा अंग हलेल म्हणून तिने तेही आवरलं. घरचं मांजर, अर्धवट विणलेला मोजा, काय काय आठवत राहिलं. सुंडक्विस्टांचा तिला राग आला, मनापासून आला, आणि मग त्यांच्या ओल्या सपाता डोळ्यांपुढे आल्यावर तोही टिकला नाही.

डुलूथची माणसं आली. त्यांनी पट्टे लावून दार जागच्या जागी जखडलं आणि त्यातल्या एकीने तिच्या कानाशी म्हटलं, "सोडा आता. सोडलंत तरी चालेल." आर्डिसने तळवा दारापासून काढला आणि स्वतःच्या पायांनी जिना उतरली. धरायला आलेल्या माणसाला तिने नको म्हटलं.

बाहेर गाड्यांच्या आवारात दीडशे पोरं बिनकोटाची, एकमेकांना चिकटून उभी होती. ती दारात दिसली आणि एकच गलका झाला. तिचा डावा हात अजून तसाच वर होता, कोपरात थोडा वाकलेला, तळवा पुढे. खाली यायलाच तयार नव्हता. पोरांना वाटलं, तारीखबाई हात करतेय. सगळ्यांनी हात वर केले, शिट्ट्या मारल्या, कोणीतरी तिचं नाव घेऊन ओरडलं.

फक्त ट्रॉयच्या गाडीजवळ, वायरलेसपाशी उभ्या असलेल्या कॅलीने हात वर केला नाही. ती आर्डिसचा थंडीचा कोट घेऊन पुढे आली. आर्डिसच्या डोळ्यांकडे तिने बघितलं नाही. तिने बाही पुढे धरली, पण तो हात बाहीत जाईना. दोनदा प्रयत्न करून मग कॅलीने कोट तिच्या खांद्यांवर नुसता टाकला, वरचं एक बटण लावलं आणि बाजूला झाली.